बाबांच्या बाजूची जागा

तुळशीरामकाकांनी चहाचा कप खाली ठेवला, भिंतीकडे पाहिलं आणि आईला विचारलं, "वहिनी, देवीदासचा फोटो नाई लावला काय?" भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब आणि त्यांच्या खाली, प्लास्टिकच्या हारात, आमचे बाबा. काका त्यांच्या अगदी समोर बसले होते. बाबांसोबत या माणसानं रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीत अख्खी नोकरी काढलेली, एका डब्यातली भाकर खाल्लेली. रिटायर झाल्यावर ते मुलाकडे नागपूरला गेले, आणि इतक्या वर्षांनी कोणाच्या तरी लग्नाला रायपूरला आले म्हणून जय भीम करायला आमच्या गुढियारीच्या घरी आले होते. आई म्हणाली, "समोर हाय तो कोन मंग?" काकांनी चष्मा वर केला, खाली केला. "हो हो. देवीदासच होय. आता डोळे काम नाई देत, बाई." मग ते लग्नातल्या पनीरबद्दल बोलत राहिले. डोळे काम देत नाहीत म्हणे. जाताना याच माणसानं पायरीवर उभं राहून पलीकडच्या दुकानाची बारीक अक्षरांची पाटी मला वाचून दाखवली आणि विचारलं, इथं ती पिठाची गिरणी होती ना?

मी तो फोटो रोज पुसते. रोज पुसते म्हणूनच बहुतेक कधी पाहिला नव्हता. काका गेल्यावर स्टूल घेतलं, हार बाजूला केला आणि पाहिलं. बाबा काळे होते. सावळे नाही, गव्हाळ नाही, लग्नाच्या बायोडेटात लिहितात तसे 'निमगोरे' तर मुळीच नाही. काळे. कपाळावर टोपीच्या खालची एक पट्टी तेवढी जराशी उजळ होती. नाकाजवळ तापलेल्या लोखंडाचा कण उडून पडलेला डाग होता. फोटोत पट्टी नाही, डाग नाही. गाल गुलाबी, ओठांवर लाली, मागं निळं आभाळ, अंगात जन्मात घातला नाही तो कोट. कोटाचं मी समजू शकते, आमच्यात सगळ्यांनाच मेल्यावर कोट मिळतो. पण हा जाहिरातीत साबण विकणारा माणूस कोण? मी डोळे मिटून खरे बाबा आठवायला लागले, आणि जे आले ते हेच. गुलाबी. सायकलवरून उतरणारे गुलाबी, माझ्या शाळेच्या गेटवर उभे गुलाबी, आंब्याची कोय चोखणारे गुलाबी. मी स्टुलावर तशीच उभी राहिले. कोणीतरी घरात घुसून माणूस बदलून गेलं होतं आणि आम्ही इतकी वर्षं त्यालाच हार घालत होतो. आईला म्हटलं, "आई, हे बाबांसारखे दिसत नाहीत." ती मेथी निवडत होती. "फोटू होय नं तो," म्हणाली.

डोक्यात तिडीक गेली. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना मी त्या स्टुडिओवर गेले. बाबा गेले तेव्हा पुण्यानुमोदनाला फोटो हवा होता, घाई होती, नोकरीच्या ओळखपत्रावरचा टिकलीएवढा फोटो मोठा करून आणला होता. मी तेव्हा मंडप, भन्ते, जेवण यात होते. फोटो तयार होऊन आला, मी अगरबत्ती लावली, रडले. आता जाऊन विचारायचं होतं की अरे भाऊ, तुला कोणी सांगितलं होतं हे? तर तिथं मोबाइलची कव्हरं लटकत होती. स्टुडिओवाला कधीच दुकान विकून गेला. भांडायचं तर कोणाशी भांडायचं! मी एक कव्हर घेऊन घरी आले, तेही माझ्या मोबाइलला बसलं नाही.

खरी गोष्ट वेगळीच होती. बाबांसाठी खिळा ठोकला त्या दिवशी आईनं माझ्या भावाला, लोकेशला, त्याच्या बाजूला दुसरा ठोकायला लावला होता. "नंतर भिताले भगदाडं नको पाडजो," म्हणाली होती. त्या खिळ्यावर सध्या लाइटबिलांची पिशवी लटकते. आईचे गुडघे गेलेत, साखर वाढलेली, मागच्या उन्हाळ्यात दोनदा मेकाहाराच्या सरकारी दवाखान्यात दिवस काढले. मला ठाऊक आहे त्या खिळ्यावर एक दिवस काय येणार. आणि काका येईपर्यंत भरवशाचे असलेले बाबा जर माझ्या डोक्यातून असे जाऊ शकतात, तर आईही जाणार. तिच्या जागी कुणी गुलाबी बाई येऊन बसणार आणि मी तिलाच आई समजून हार घालत राहणार. ते मला होऊ द्यायचं नव्हतं. एवढं एकच. तिचा चेहरा आहे तसा राहावा, बस.

मोबाइल काढला, आईला दारात बसवलं, फोटो घेतला. सुरकुत्या गायब. हनुवटीवरचं गोंदण पुसट. रंग दुधात हळद टाकल्यासारखा. लोकेशला बोलावलं. तो भनपुरीला ट्रान्सपोर्टमध्ये आहे, मोबाइलमधलं त्याला सगळं कळतं असं त्याचं स्वतःचं मत आहे. मराठी समजते त्याला, बोलत नाही. "दीदी, ब्यूटी मोड ऑन था," म्हणाला आणि बंद करून दिलं. पुन्हा काढला. गोंदण आलं, रंग नाही आला. "अब इससे ज़्यादा क्या चाहिए तेरे को? अच्छी तो दिख रही है." मी म्हटलं, चांगली नको, आई पाहिजे. तो माझ्याकडे काळजीनं पाहायला लागला. "कॅमेरा घेते," म्हटलं. "एक फोटो के लिए? फालतू में पैसा फूँकेगी. कूलर सड़ गया है, वो देख पहले." कूलर खरोखर सडला होता. पण मला कोणी सांगावं की माझी गरज काय आहे, याचा मला आता कंटाळा आला होता. ऑफिसात मी आवक-जावक पाहते, तिथं साहेब सांगतात. घरी लोकेश सांगतो. मी लग्न केलं नाही म्हणून सगळ्यांना वाटतं मला गरजाच नाहीत.

लग्नावरून आठवलं. आठवलं कसलं, ते डोक्यातून गेलंच नव्हतं. परिचय मेळाव्याच्या पुस्तिकेसाठी माझाही फोटो काढला होता, आणि तोही असाच उजळून आला होता. तो पाहून दुर्गचे पाहुणे आले. मुलाच्या मावशीनं पुस्तिका उघडून मांडीवर ठेवली, पोह्यांची बशी घेऊन मी आले तर एकदा पानाकडे, एकदा माझ्याकडे. बोलली असती तर मी उत्तर दिलं असतं. तिनं पुस्तिका मिटली आणि पोहे छान झालेत म्हणाली. मी कोणाला फसवलं नव्हतं, तरी चोरी पकडल्यासारखी बशी घेऊन उभी. त्या पानावरच्या मुलीचा मला अजून राग येतो.

तर कॅमेरा. आधी मी रीतसर अभ्यास केला, हीच चूक. व्हिडिओ पाहिले. एक पोट्टा म्हणे मिररलेस घ्या, दुसरा म्हणे बजेट कमी असेल तर जुना डीएसएलआर, तिसरा म्हणे आधी स्वतःला विचारा तुमची गरज काय. विचारलं. गरज आहे काळ्या बाईचा काळा चेहरा. याच्यावर एकही व्हिडिओ नाही. दोन कॅमेऱ्यांची तुलना करायची की एक गोरी पोरगी उन्हात उभी करतात, केस उडवते, आणि मग हा पोट्टा विचारतो बघा स्किन टोन कसा आला. कसा येईल? जसा आहे तसाच येईल, तिच्यात बिघडण्यासारखं आहे काय! जितकं पाहिलं तितकं कमी कळायला लागलं. सेन्सर, अपर्चर, मेगापिक्सेल. बसमध्ये, जेवताना, साहेब नोटशीट सांगत असताना तेच. डोस्क्याचा पार भुगा.

जयस्तंभ चौकाजवळच्या एका मोठ्या शोरूममध्ये गेले. एसी इतका की अंगावर काटा. नीलेश अशी पट्टी लावलेला मुलगा आला. "मैडम, यूज़ क्या रहेगा? व्लॉगिंग, वेडिंग, ट्रैवल?" मी म्हटलं, घर के आदमी का चेहरा. "फैमिली, ओके," म्हणाला आणि मी काही म्हणायच्या आत माझाच फोटो काढला. मोठ्या स्क्रीनवर दाखवला. मी चंद्र झाले होते. "देखिए क्या ग्लो आया है!" दुकानात दुसरी दोन गिऱ्हाइकं होती, तीही पाहायला लागली. एकदा स्क्रीनकडे, एकदा माझ्याकडे. तीच मावशी, तीच पोह्यांची बशी. मी विचारलं, हे बंद कसं करायचं? त्यानं केलं, मी थोडी खाली उतरले. म्हटलं, अजून. "मैडम, फिर डार्क आएगा." मी म्हटलं, "डार्क ही है, भैया." तो हसला, मी गंमत करते असं त्याला वाटलं. मग आवाज खाली आणून, आपलेपणानं, म्हणाला, "नहीं मैडम, आप उतने भी नहीं हो." धीर देत होता तो मला. वाईट पोरगा नव्हता, तेच तर. वाईट असता तर चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. मी रस्त्यावर येऊन उसाचा रस प्यायले, ग्लास अर्धा तसाच ठेवला.

मग कोणीतरी तात्यापाऱ्यातल्या, जुन्या मराठी मोहल्ल्यातल्या, शिशिर यांचं नाव सांगितलं. खाली दुकान, वर घर. जुने कॅमेरे दुरुस्त करतात, विकतात. पिढ्यान्‌पिढ्यांचे रायपूरकर, तरी मराठी अशी स्वच्छ की मला आपली जीभ लपवावीशी वाटली. "आपण मूळच्या कुठल्या?" त्यांनी विचारलं. भंडारा, म्हटलं. "आणि इथे?" गुढियारी. "वडील रेल्वेत?" हो. "अच्छा," म्हणाले. त्यांना जे काढून घ्यायचं होतं ते सगळं तेवढ्यात निघालं आणि त्यांनी कॅमेऱ्यांचं कपाट उघडलं. मी उठून जाणार होते. उठले नाही, कारण मी गरज सांगितल्यावर हा पहिला माणूस हसला नाही. "कॅमेऱ्याला माणूस दिसत नाही," म्हणाले, "त्याला फक्त उजेड कळतो. चेहरा जरा... सावळा असला आणि चौकटभर असला, की त्याला वाटतं उजेड कमी पडला. तो आपणहून वाढवतो." मी म्हटलं, काळा म्हणा. "बरं, काळा. मग तुम्ही त्याला हाताने खाली आणायचं. या चाकाने. जुना कॅमेरा आहे, चेहरे गुळगुळीत करायची अक्कल याला नाही." पन्नास एमएमची लेन्स लावून त्यांनी तो माझ्या हातात दिला. जड होता. बरोबर बोलत होते ते, आणि बरोबर बोलत होते याचाच राग येत होता. इतके दिवस ज्या एका वाक्यासाठी वणवण केली ते मिळालं तर कोणाकडून, त्या 'अच्छा'वाल्याकडून. भाव सांगितला तो कूलरच्या वर जात होता. मी थोडं कमी करायला लावलं, त्यांनी केलं. घेतला.

आईला काही दिवस सांगितलंच नाही. कपड्यांच्या घड्या, कुंडी, गॅसची टाकी, गल्लीतली काळी कुत्री, सगळ्यांचे फोटो काढले. कुत्री पहिल्यांदा राखाडी आली. चाक फिरवलं, मग काळी आली, नाकाची ओल दिसेल अशी. त्या दिवशी मी फार दिवसांनी स्वतःवर खूश होते. रविवारी सकाळी आईला म्हटलं, आज तुझा फोटो काढते. ती आत गेली. बराच वेळ आली नाही. आली ती विहारात नेसायच्या पांढऱ्या साडीत, केस चोपून, आणि तोंडाला, मानेला, कानाच्या पाळ्यांना पावडर. थापलेली. भाकरीवर पीठ राहतं तशी.

"आई, पावडर पूस."

"काहून?"

"पूस म्हटलं ना. मला तू पाहिजे, पावडर नको."

"मंग मी काय दुसरी कोन हाय? भितावर लावाचा हाय नं फोटू? लोकं येतीन, पाहतीन. तुह्या बाबाच्या बाजूले मी काळी दिसीन."

"बाबा गोरे नव्हते!" मी ओरडलेच. "त्या स्टुडिओवाल्यानं त्यांना रंगवलं. त्याला कोणी सांगितलं होतं?"

"म्या सांगतलं," आई म्हणाली.

ती ओट्यावर बसली, साडी गुडघ्यांवर नीट केली. "लोकेशसंगं मीच गेलती दुकानात. म्हनलं, भाऊ, दोन पैसे जास्त घे पन यायले गोरं कर. आपल्या पाऱ्यात, मोहल्ल्यात, दोन देवीदास होते. एक पोस्टातला, एक आपला. कोनी घर इचारलं का लोकं म्हनत, कोन, करिया देवीदास काय? लहान लहान पोट्टे म्हनत. तुहे बाबा हासत. हव, मीच करिया, म्हनत. बाहेर हासत आन घरी येऊन मोरीत बसले का दगडानं आंग घासत."

"ते ग्रीस काढायचे," मी म्हटलं. मोरीतला तो आवाज मला माहीत होता. लहानपणी रोज ऐकलेला, खरखर, खरखर, मी बाहेर गृहपाठ करत बसलेली. बाबा कामावरून आले, ग्रीस काढताहेत.

"ग्रीस हाताले रायते. पोटाले रायते काय? पाठीले? मी पाठीवर पानी टाकत होती बाई, मले मालूम. रिटायर झाले तरी घासत. म्हनलं, आता भितावर तरी कोनी करिया म्हनू नये."

मी कॅमेरा गळ्यात अडकवून उभी, आणि इतके दिवस ज्याला शिव्या घालत होते तो स्टुडिओवाला, ती दुकानं, तो चंद्र करणारा पोट्टा, सगळे आपापल्या जागी गुपचूप निघून गेले. उरली ही बाई. हिच्यावर कसं रागवायचं? आणि तरी राग जाईना. बाबांना मी त्यांच्या रंगानिशी मागत होते, आणि त्यांना तोच नको होता. मग मी आठवत होते ते कोण होते? मला वाटलं होतं निदान आई तरी माझ्या बाजूची आहे. मला रडू आलं, तेही रागाचंच. आईनं पदर घेतला आणि तोंड पुसलं. खसाखसा, कानाच्या मागे, मान, सगळं. "घे," म्हणाली, "काढ. इतका पैसा घातला तं काढ."

ओट्यावर सकाळचा उजेड येत होता. मी चाक खाली आणलं. ती हसली नाही, माझ्याकडे पाहत होती, थोडी रागातच. एक काढला. दुसरा काढायची गरज नव्हती. स्क्रीनवर ती होती. डोळ्यांखालची काळी सूज, गोंदण, गालावरची ती खळगी, कपाळाची कातडी, आणि रंग. तोच. लहानपणी मी गालाला गाल लावायचे तो. मला इतकं बरं वाटलं की मी ओट्यावर तिच्या बाजूला जाऊन बसले आणि कॅमेरा तिच्या मांडीवर ठेवला. पाहा, म्हटलं.

तिनं चष्मा लावला. कॅमेरा जवळ नेला, लांब नेला. मला वाटलं आता म्हणेल, काळी आली. "हे तं माही माय होय," ती म्हणाली.

मी आजीला पाहिलं नाही. लोकेशनंही नाही. आईच्या लग्नाच्या आधीच ती गेली, साकोलीकडे कुठल्या तरी राइस मिलमध्ये धान पाखडायची. तिचा फोटो नाही, त्या काळात कोण काढणार होतं. तेवढ्यात स्क्रीन विझली. "कुठं गेली?" आई दचकली. मी बटन दाबलं. "हे पाह्य. असंच पाहे ते. काम सांगाचं रायलं का असंच पाहे." पुन्हा विझली. या वेळी तिनं माझा हात बाजूला करून स्वतः बटन शोधलं, दाबलं. पुन्हा विझली, पुन्हा दाबलं. मायचं तोंड मी इसरली होती, म्हणाली. तिच्या आवाजात काही नव्हतं, सांगितलं फक्त. मी म्हटलं, "आई, हाच मोठा करू. हाच लावू बाबांच्या बाजूला."

"नाई," ती म्हणाली. "हा मले दे. लहानसा करून दे, पेटीत ठेवतो. मायले जिंदगीभर काळी म्हनलं लोकायनं, आता भितावर टांगून अजून म्हनवून घेऊ काय? भिताले मोबाइलवाला लाव."

"आई..."

"लाव म्हनलं नं. ते तुह्या बाबाच्या बाजूले बरी दिसते."

मोबाइलवर पुन्हा एक काढ म्हणून तिनं पावडरचा डबा मागितला. मी आणून दिला. एका हातानंच लावली, दुसऱ्या हातात कॅमेरा होता. मागितला तर देईना. मी समोर उभी राहून मोबाइल धरला. त्यानं तिचा चेहरा शोधून त्यावर चौकट आखली आणि माझ्या डोळ्यांदेखत सुरकुत्या काढून टाकल्या. बंद करायचं कुठून ते मला आता येत होतं. बंद केलं नाही. "कसा आला?" तिनं विचारलं. चांगला आला, म्हटलं. फोटो मी छातीपर्यंतच घेतला. खाली मांडीवर तिचा अंगठा अजून ते बटन दाबत होता.